शिवेबाहेरचं गाऱ्हाणं

मी एक सोललेला नारळ बोलतोय. शेंडी तेवढी ठेवली आहे. आरे-वारेच्या समुद्रकिनाऱ्याजवळच्या एका गावात, गावदेवीपुढे मला मांडलं आहे. थोड्या वेळाने फोडतील, म्हणून आत्ताच बोलून घेतो.

माझा जन्म मासूमाचाचींच्या वाडीतला. खाऱ्या वाऱ्यात मी माडावर वाढलो. चाचींचा मुलगा तहा आणि शेजारच्या दमयंतीकाकूंचा दीपक आखातात एकाच मालवाहू जहाजावर आहेत. तिकडे युद्ध पेटलं आणि दोघांचेही फोन बंद झाले. तेव्हापासून नमाज संपली तरी चाची मुसल्ल्यावरून उठत नाहीत.

माणसांचं एक पाहिलं. बातम्यांतलं युद्ध ती जेवताना बघतात. त्यात आपलं कोणी असलं की ताट सरकवतात.

आज काकू नारळ मागायला आल्या. चाचींनी मला कानाशी धरून हलवलं.

"ह्यो ने. भागोजी गुरवाला सांग, तहाचंबी नाव घे."

"ते सांगाया लागतं काय गो?" काकू म्हणाल्या.

देवळात गाव जमलं. वारा पडला होता. झाडाचं पान हलत नव्हतं, समुद्राची गाजही ऐकू येत नव्हती. भागोजी गुरव हात जोडून उभे राहिले. त्यांनी मागणं मागायचं आणि गावाने होकार भरायचा, ही इथली गाऱ्हाण्याची रीत.

"देवी माये, आमचा दीपक नि मासूमाचा तहा सुखरूप घरी येऊ दे."

"व्हय म्हाराजा!"

"जहाजावर आणखी पोरं हायत," काकू मध्येच म्हणाल्या. "फिलिपिन्सची, युक्रेनची. त्यांचं कोण बोलणार?"

"वयनी, देवीची राखण गावाच्या शिवेपर्यंत," मागून महिपत म्हणाला. "तिला फिलिपिन्स कुठं ठावं?"

दोघंतिघं हसले.

"आखात तरी तुला कुठं ठावं हुतं, दीपक जाईपर्यंत?" काकूंनी विचारलं.

हसू थांबलं. भागोजींनी डोळे मिटले.

"शिवेबाहेर ज्या कुणाची लेकरं असतील, त्यांना राख."

"व्हय म्हाराजा!"

"आणि त्यांच्यावर नेम धरून जो बसलाय, तोबी कुणाचा तरी पोर हाय. त्याचा हात थांबव. त्यालाबी राख."

सगळे काकूंकडे बघू लागले. त्यांच्या मुठीत फोन होता, काळा, मुका. ओठ घट्ट मिटलेले. शेवटी, विहिरीच्या तळातून यावा तसा त्यांचा आवाज आला.

"व्हय म्हाराजा."

मग एकेकाने होकार भरला.

आता भागोजींनी मला उचललं आहे. नारळ नासका निघाला की माणसं अपशकुन मानतात आणि मागणंच सोडून देतात. आतून मी कसा आहे, ते मलाही दिसत नाही. पण माझ्यावरून त्या पोरांचं काही ठरवू नका. मी कसाही निघालो तरी त्यांच्यासाठी मागत राहा. नावं ठाऊक नसली, तरीही.

हात वर गेला. खाली फक्त दगड दिसतोय.