जपानी केळीला टेकू

१९५८ साली खानदेशातल्या म्हसावदमध्ये जपानी नोटा जमवणाऱ्या माणसांची एकूण संख्या एक होती. मी. शाळेत मास्तर, गावात परका, खोलीत एकटा. लढाईत जपान्यांनी मलाया घेतला, तेव्हा तिथे या नोटा चालवल्या; जपान हरला आणि त्यांची रद्दी झाली. माझ्याकडे शंभर डॉलरची होती, हजारची होती, दहाची नव्हती. म्हणजे रद्दीतही मी दहा डॉलरने कमीच होतो.

सुरतेचे प्रेमचंदभाईही याच नोटा जमवत. आम्ही कधी भेटलो नव्हतो, पण मला पत्र लिहिणारं जगात तेवढं एकच माणूस. "दहाची मिळाली की बघायला येतो," असं त्यांनी मराठीत लिहिलं आणि मी दुसरी कपबशी विकत आणली.

नोट निघाली गावातच. केळीवाल्या भाईदास पाटलांचा भाऊ फौजेतून परतताना ती घेऊन आला होता. मी मागितली, तर भाईदास म्हणाले, "सकाय लई जा, मास्तर."

सकाळी गेलो तर त्यांचे ओठ जांभळे. या नोटेवर केळीचं झाड छापलेलं असतं, घडासकट. त्या घडाखाली भाईदासांनी ओली केली की जांभळी उमटणारी कॉपिंग पेन्सिल जिभेला लावलावून टेकू काढला होता.

"इतला मोठा घड आन टेकू नई! वारा उना ते झाड पडी जाई. मन्हाघाई देखायनं नई." त्यांना ते बघवलं नव्हतं.

"भाईदासभाऊ, ते चित्र आहे."

"चित्र शे म्हनीसन काय पडू देवानं?"

मी सुरतेला लिहिलं, "मिळाली." टेकूबद्दल लिहिलं नाही.

प्रेमचंदभाई आले. भिंग लावून नोट उलटसुलट पाहिली. मग म्हणाले, "मास्तर, टेकूवाली! ही तर कुठल्याच यादीत नाही!"

खरं सांगावं, तर माणूस उठून जाणार. म्हणून मी बोललो नाही. माणूस तरीही उठला. "अशी अजून एक कुठेतरी असेलच. ती शोधायला मला निघालं पाहिजे." चहा अजून उकळत होता.

मी बसमागे धावलो. "प्रेमचंदभाई, तो टेकू इथल्या भाईदास पाटलांनी काढलाय!"

खिडकीतून डोकं बाहेर आलं. "ते जपानी छापखान्यात होते?"

बस गेली.

आठवड्याने सुरतेहून पत्र आलं, भाईदासांच्या नावाने. त्यांना वाचता येत नाही, म्हणून ते घेऊन माझ्याकडेच आले. टेकू का काढला, असं प्रेमचंदभाईंनी विचारलं होतं. भाईदासांनी वाऱ्याबद्दल चार पानं सांगितली, मी लिहिली. तेव्हापासून दर महिन्याला पत्र येतं. केळीला पाणी किती, वारा कुठला वाईट. दोघांचं छान जमलंय. नोटांचा विषय आता निघत नाही. माझाही निघत नाही.

वाचून दाखवताना शेवटी एक ओळ मी पदरची घालतो: "मास्तरांना नमस्कार सांगा."

भाईदास दरवेळी सावरून बसतात. "मास्तर, तुमले नमस्कार शे."

"त्यांनाही," मी म्हणतो.