अस्तरातला खिसा

…आणि तो पांढरा दोरा काही केल्या बोटाला सोडीना. पापणीच्या केसाएवढा, फुंकर मारली तर नखाकडे सरकायचा, झटकला तर तळहाताला चिकटायचा. बाईंनी अर्धं ब्लेड बाजूला ठेवलं आणि मांडीवरच्या निळ्या जॅकेटची पाठ उजेडाकडे धरली. नावाची सगळी अक्षरं उसवून झाली होती, तरी नाव वाचता येत होतं. टाके गेले, भोकं राहिली. सुती असतं तर दोनदा पाण्यातून काढल्यावर विसरलं असतं. हे तकतकीत कापड भलतंच ध्यानात ठेवणारं…

उद्या धावपटूंचा संघ परदेशी स्पर्धेला निघायचा होता. जॅकेटं बाहेरून मोजून आलेली, एकही जास्त नाही. तेव्हा जी यादीतून उतरली तिचं नाव पाठीवरूनही उतरवायचं आणि तिथेच दुसरीचं चढवायचं. ती दुसरी दुपारी जॅकेट घालून बघायला येणार होती.

"पायाला दुखापत म्हणे," खिडकीपाशी इस्त्री फिरवणारा म्हातारा म्हणाला. "परवापरवापर्यंत वाऱ्याला मागं टाकत होती पोरगी. आता तो पाय कुठल्या खोलीत बरा होतोय, तेवढं मात्र विचारू नये."

"इस्त्रीकडे बघा. जळेल," बाई म्हणाल्या.

हरणी म्हणत तिला. पंधरा दिवसांपूर्वी ती इथेच, या लाकडी खोक्यावर हात पसरून उभी होती. बाई माप घेत होत्या आणि टेपखाली तिचं काळीज धावत होतं – उभ्या उभ्या कुठं गं निघालीस, असं त्या थट्टेनं म्हणाल्याही होत्या – तेव्हा ती वाकून कानाशी म्हणाली, "मावशी, डाव्या अंगाला, अस्तराच्या आत, एक खिसा द्याल? तळहाताएवढा."

"काय ठेवणार? कुणाची चिठ्ठीबिठ्ठी?"

"नावं. माझा भाऊ, नि त्याच्याबरोबर आत टाकलेले दहाजण. चौकात नुसते उभे होते हो ते, हातात हात धरून. मी जिंकले तर तिथं वर उभी राहून ती नावांची चिंधी छातीशी धरीन. बोलणार काही नाही. तेव्हा सगळं जग बघत असतं ना!"

ती नावं तिनं पावलांत बसवली होती. श्वास आकड्यांनी कशाला मोजायचा, म्हणायची, माणसांनी मोजावा. आणि बाई गुडघ्यांवर बसून, तोंडात टाचण्या धरून जॅकेटची कड दुमडत असताना तिनं ते हळू आवाजात म्हणून दाखवलं –

पहिलं पाऊल माझं गं, शाळंच्या मास्तराला
दुसरं पाऊल माझं गं, छापणाऱ्या हाताला…

तिसरं नावाड्याला, चौथं गवंड्याला, असं करत करत अकरावं पाठच्या भावाला. आणि बारावं… बारावं पाऊल होतं खरं. ते कुणाला, एवढंच बाईंना आठवत नव्हतं. चार दिवस मशीन तेच म्हणत होतं, आणि अकराच्या पुढे पाय अडत होता.

चार दिवस. त्याच्या आदल्या संध्याकाळी साहेब, संघाचे व्यवस्थापक, चहाचा कप घेऊन दारात टेकले होते. कुणी दम दिला नव्हता, कुणी हात पिरगळला नव्हता – दिला असता तर मनाला सांगायला काही तरी उरलं असतं. त्यांनी टाक्यांचं कौतुक केलं आणि सहज म्हणाले, "पोरी माप देताना मन मोकळं करतात म्हणे. काय म्हणते आपली हरणी?" आणि भरली घागर हिंदकळावी तसं बाईंच्या तोंडून सांडलं, "आतून खिसा मागत होती, नावं ठेवायला… मी नाही म्हटलं." खरं होतं ते तिच्या अंगावर गेलं, खोटं होतं त्यानं मला वाचवलं. खिसा तर तोवर शिवून झाला होता. "छान केलंत बाई," साहेब म्हणाले. "खेळात राजकारण नको." कप मशीनच्या फळीवर ठेवून गेले. त्या बुडाचा गोल डाग अजून तिथे आहे. सकाळी रेडिओवर दुखापत.

आणि खिसा इथे, मांडीवर. कुणाच्या हाताला लागला तर बाई खोटं बोलल्या हे कळेल, आणि मग हरणी जिथे आहे तिथेच… दोन मिनिटांचं तर काम, ब्लेडचं. हात सकाळपासून तीनदा तिथवर जाऊन माघारी आला होता. बाईंनी पाठ सुईखाली सरकवली आणि नवं नाव चढवायला घेतलं.

"मशीन लंगडतंय तुमचं," म्हातारा म्हणाला.

"तेल हवंय त्याला."

"तेल नव्हे. अकरा वेळा पाय नीट पडतो नि मग ठेच लागते. मी मोजतोय."

दुसरी आली तेव्हा नवं नाव पाठीवर चढलं होतं. कोवळी, खाली बघणारी पोर. तिनं जॅकेट घातलं, खांदे हलवले.

"मावशी, पाठीला टोचतंय."

"नवं आहे. होईल सवय."

चेन ओढता ओढता तिचा हात डाव्या अंगाला आत गेला आणि थांबला. "हा खिसा? बाकीच्यांच्या जॅकेटांना नाही."

इस्त्रीचा आवाज बंद झाला. चुकून राहिला, दे इकडे, काढते – वाक्य ओठांवर तयारच होतं. पण पोर आणखी जवळ आली होती.

"मी तिच्याच खोलीत होते," ती पुटपुटली. "झोपेत पावलं मोजायची ती. अकरा मला पाठ झालीत. बारावं तोंडातल्या तोंडात म्हणायची. तुम्हाला ठाऊक आहे?"

टाचण्यांची लोखंडी चव जिभेवर आली. कड दुमडताना खाली घातलेली मान, आणि तिच्यावर अलगद टेकलेला हरणीचा हात, घामानं ओला, हसणारा –

बारावं पाऊल माझं गं, खिसा शिवणारीला.

"नाही," बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "हो."

पोरीनं जॅकेट काढून अस्तर वर करून त्यांच्या मांडीवर पसरलं आणि खिसा राहतो की जातो याची वाट बघत उभी राहिली. बाईंनी ब्लेड उचललं. उजेडात खिशाची टीप बारीक, सरळ, एकही टाका न चुकलेली… किती मायेनं घातली होती मी. पायाखालचं पायडल आपणहून हललं, सुईत दोरा नसताना मशीन चालू लागलं. नऊ, दहा, अकरा – आणि बारावं पाऊल या वेळी अडलं नाही. ते सरळ त्यांच्या अंगावर चालत आलं.