पाच बोटांची पाहुणी

बोटं दहा. पाच उजव्या पायाला, पाच डाव्या. तुरा एक, बुटका, सात दात्यांचा. गालांवर दाढीसारखी पिसं. नडग्यांवर तुरळक पिसं, उजवीकडे अकरा आणि डावीकडे नऊ. शेपटीत चौदा मोठी पिसं, त्यांतलं एक मोडकं.

"परत मोज," मावशी म्हणाली. तिनं कोंबडीला जुन्या टॉवेलात गुंडाळून कुशीत धरलं होतं आणि पाय तेवढे माझ्या बाजूला काढले होते. "कोंबडीला चारच बोटं असतात. पाच म्हणजे तुझी चूक."

"तीनदा मोजली, मावशी."

"मग चौथ्यांदा मोज. पाय कुठं पळून चाललेत?"

पाय पळूनच चालले होते. चौथ्यांदाही पाचच भरली. माझ्या मनगटावर त्यांपैकी तीन उमटली.

ही कोंबडी सहा दिवसांपूर्वी मावशीच्या परसातल्या भिंतीवर येऊन बसली होती. कुठून आली, कुणालाच माहीत नव्हतं. मावशीला ही गोष्ट सहन होण्यासारखी नव्हती, कारण एकतीस वर्षं तिनं हेच काम केलं होतं. टपालखात्यात ज्या पत्रांवरचा पत्ता अर्धवट, पुसट किंवा चुकीचा असायचा, ती पत्रं तिच्या टेबलावर यायची. हातात सतत भिंग, म्हणून कचेरीत तिचं नावच 'भिंग' पडलं होतं. शिपाईसुद्धा 'भिंगबाई' म्हणायचा, आणि पुढं गल्लीतही तेच नाव पडलं. 'पिवळ्या घराच्या मागं, दम्याचे डॉक्टर' एवढ्या मजकुरावरून तिनं पत्र पोचवलेलं मला माहीत आहे. पत्ता नसलेलं पत्र नसतंच, असं ती म्हणायची. वाचणारा आळशी असतो.

चार महिन्यांपूर्वी ती निवृत्त झाली. तेव्हापासून ती मला दिवसातून चार फोन करायची. पहिला सकाळी, पेपर वाचून झाल्यावर; शेवटचा, जेवलीस का विचारायला. कोंबडी आल्यापासून फोन एकावर आला होता, आणि तोही कोंबडीबद्दल.

"प्राणिशास्त्रात पहिला वर्ग," ती आता म्हणाली, "आणि साधी कोंबडी ओळखता येईना?"

"आम्हाला कोंबडी नव्हती गं. कोंबडीचा गर्भ होता. अंड्यातल्या बहात्तराव्या तासापर्यंत."

"आणि पुढं?"

"पुढं परीक्षा झाली."

वजन करायला मावशी कोंबडीसकट वजनकाट्यावर उभी राहिली. मग कोंबडी माझ्याकडे देऊन एकटी उभी राहिली. मी आकडा बघायला वाकले, तर तिनं पदर मध्ये धरला.

"वजाबाकी मी करते. तू फक्त उत्तर लिही. एक किलो सहाशे."

मी फोटो आणि मापं पक्षिपालन शिकवणाऱ्या एका सरांना पाठवली. दुसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं, ते मी मावशीला वाचून दाखवलं. पाच बोटं मोजक्याच जातींना असतात. दाढी आणि नडगीवरची पिसं बघता एक परदेशी जात असू शकते, पण रंग आणि वजन जुळत नाही. अंड्याचा रंग कळला तर नक्की सांगता येईल. जागा बदलली की कोंबडी अंडी द्यायची थांबते. ही जागा आपली, असं वाटलं की पुन्हा देते. तोवर थांबा.

"थांबू की," मावशी म्हणाली. "मला कुठं जायचंय?"

थांबण्याच्या काळात मी रोज संध्याकाळी तिच्याकडे जाऊ लागले. कोंबडीनं मागच्या पडवीतलं एक जुनं पोतं पसंत केलं होतं. मावशी पायरीवर बसून पेपर मोठ्यानं वाचायची. कोंबडी समोर उभी राहून मान वाकडी करायची.

"बघ, बघ. मी बोलले की कशी ऐकते. तुझे काका इतकी वर्षं होते, कधी मान वर केली नाही पेपरातून."

"नाव काय ठेवलंस?"

"नाव नाही ठेवायचं. दुसऱ्याची आहे."

"राहू दे ना मग तुझ्याकडेच. कोण विचारायला येतंय?"

तिनं पेपर खाली ठेवला. "एकतीस वर्षांत दुसऱ्याचं एक पाकीट उघडलं नाही मी. आता कोंबडी दडपू?"

आणि तिनं चिठ्ठी लिहून किराणा दुकानात लावलीसुद्धा: 'एक कोंबडी सापडली आहे. खूण सांगून न्यावी.' पाच बोटांचा उल्लेख तिनं मुद्दाम टाळला होता. बेवारस पार्सल न्यायला कुणी आलं, की आत काय आहे ते आधी त्यालाच विचारायचं, अशी कचेरीची पद्धत होती. मावशीचं अक्षर एरवी टपोरं. ही चिठ्ठी मात्र वाचायला भिंग लागलं असतं.

चिकनवाला आला. "माझीच ती. सकाळीच सुटली."

"दहा दिवस झाले तिला इथं. खूण काय?"

"खूण काय असणार, भिंगबाई? दोन पाय, एक चोच."

"मग तुमच्या दुकानात आहेत तशा पन्नास. जा."

त्यानंतर चार दिवस कुणी आलं नाही. मावशी हळूहळू गुणगुणायला लागली. रविवारी तिनं पडवीत पोत्याभोवती विटांचा आडोसा केला. दुसऱ्या दिवशी दुपारी, ती त्यावर फळी बसवत असताना, फाटकाशी एक म्हातारा उभा राहिला. नखांत काळं ग्रीस, हातात भोकं पाडलेली रिकामी पिशवी. तो पंप दुरुस्त करायचा, पाण्याच्या टाकीमागं राहायचा.

"कोंबडीचं कळलं," तो म्हणाला. "किती दिवस झाले हुडकतोय."

"खूण सांगा."

"पाच बोटं आहेत पायाला. दोन्ही."

मावशीच्या हातातली फळी तशीच राहिली. ती माझ्याकडे बघत नव्हती. 'नाही, तशी नाही आमच्याकडे' एवढं म्हटलं असतं तरी तो माणूस निघून गेला असता. त्याचा चेहराच तसा होता.

"आणखी एक," तो म्हणाला. "उजव्या डोळ्यानं दिसत नाही तिला. पिल्लू होती तेव्हा दुसरीनं टोचलं. म्हणून काही बघायचं झालं की मान वाकडी करते, डावा डोळा समोर आणते. लोकांना वाटतं ऐकते."

मी त्या कोंबडीची सव्वीस मापं घेतली होती. डोळे नुसते मोजले होते. दोन.

मावशीनं फळी विटांवर ठेवली आणि हात पदराला पुसले.

"बरोबर पत्ता," ती म्हणाली.

कोंबडी पोत्यावर पिसं फुलवून बसली होती. मावशीनंच तिला दोन्ही हातांनी उचललं आणि पिशवीत ठेवलं. मी घाईघाईनं विचारलं, "काका, जात कोणती हिची?"

"जात कसली, पोरी? चार ठिकाणची अंडी एका खुडूक कोंबडीखाली ठेवली होती. कोण कुणाचं निघालं, कुणी लिहून ठेवलंय? आमच्या मंडळींनी, म्हातारीनं, वाढवली हातावर. ही गेल्यापासून दोन घास खाऊन उठतात." तो पिशवीत डोकावला. "आता जेवतील."

"थांबा," मावशी म्हणाली. तिनं आतून कागद आणला आणि त्याला पूर्ण पत्ता लिहून सही करायला लावली. मिळाली, म्हणून. त्यानं एकेक अक्षर सावकाश काढलं.

तो गेल्यावर मावशीनं टॉवेलाची घडी केली. ती उलगडून पुन्हा केली. मी वहीत 'जात' या रकान्यात 'मिश्र' लिहिलं आणि विटा आवरायला वाकले. पोत्याच्या घडीत हात गेला तर काहीतरी गुळगुळीत लागलं. अजून कोमट होतं.

मी ते तळहातावर घेऊन तिच्यासमोर धरलं. तिनं ते बोटानं हलकेच फिरवून बघितलं. सरांचं उत्तर तिला पाठ होतं.

"तेही त्यांचंच," ती म्हणाली. तिनं चष्म्याची जुनी डबी घेतली, तीत कापूस पसरला, झाकणावर पाण्याच्या टाकीमागचा तो पत्ता टपोऱ्या अक्षरात लिहिला. मग कपाटातून पत्रं तोलायचा छोटा काटा काढला. निरोपसमारंभात कचेरीनं दिला होता तो. अजून खोक्यातच होता.

"उद्या सकाळी मी स्वतः नेऊन देते. आधी वजन कर. पोचवायच्या वस्तूचं वजन लागतं."

मी काटा शून्यावर आणला आणि अंडं ठेवलं. रंग फिकट गुलाबी. सत्तेचाळीस ग्रॅम.