पोटरीवरचा वळ

मित्रांनो, सोमवारी सकाळी भंगारवाला मला न्यायला येणार आहे. तेव्हा काय बोलायचं ते आजच बोलून घेते. मी तीन चाकांची एक जुनी गाडी आहे, चिखलात आणि डोंगरउतारावर चालण्यासाठी बनवलेली. इकडे मला ट्राईक म्हणतात आणि माझ्या चार चाकांच्या धाकट्या बहिणीला क्वाड.

माझा जन्म जपानातल्या एका कारखान्यात झाला, त्याला चाळीस वर्षं उलटून गेली. लाल रंग, टम्म फुगलेले टायर, मोठी ऐट होती माझी. बोटीने स्कॉटलंडला आले आणि ग्लासगोच्या उत्तरेला मेंढ्यांच्या एका फार्मवर कामाला लागले. किती वर्षं मी गवताचे भारे ओढले, गारठलेली कोकरं घरी पोचवली. मालक माझ्या टाकीवर थोपटायचा तेव्हा बरं वाटायचं. मग आमची जात माणसांना पाडते अशी बोंब झाली, कारखान्यांनी आम्हाला बनवणंच सोडलं आणि फार्मवर क्वाड आली. मी शेडच्या कोपऱ्यात गेले. कोंबड्या माझ्या सीटवर अंडी घालायच्या. राग यायचा, पण कोंबडीला काय सांगणार?

एका बँक हॉलिडेच्या सुट्टीला उल्हास बायकोला आणि मुलीला घेऊन कोकरं बघायला आला आणि मलाच बघत बसला. तो मूळचा पुण्याचा. ग्लासगोत सॉफ्टवेअरच्या नोकरीत पंचवीस वर्षं काढली, पण तरुणपण सगळं स्कूटरवर गेलेलं. त्याने मला विकत घेतलं आणि त्याच शेडमध्ये दोन वर्षं दर शनिवारी माझ्याशी झटला. ज्या दिवशी माझं इंजिन सुरू झालं त्या दिवशी त्याचे डोळे भरून आले होते. खोटं कशाला सांगू, माझा त्याच्यावर जीव जडला.

त्याच्याच ऑफिसातल्या नागपूरच्या प्रज्ञेशकडे क्वाड होती. तो मला रिक्षा म्हणायचा. दोघं गाड्या अदलाबदल करून चालवायचे आणि वाद घालायचे. उल्हास म्हणायचा, क्वाडवर बसणं म्हणजे सोफ्यावर बसणं, ती सगळं सांभाळून घेते, चालवणाऱ्याला काम काय उरतं? ट्राईकवर वळताना अंग आत झुकवावं लागतं, बाहेरच्या पायावर भार द्यावा लागतो, चुकलं की ती लगेच कलंडते. प्रज्ञेश शांतपणे म्हणायचा की म्हणूनच तो क्वाड चालवतो. खरं सांगायचं तर त्याचंच बरोबर होतं. मी हलकी आहे, चिमुकल्या जागेत गर्रकन वळते, पण चूक पोटात घालणं मला कधी जमलं नाही.

मी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यातली एक गोष्ट मात्र उल्हासने कुणाला सांगितली नाही. उतारावर मी कलले आणि त्याने जन्मभर पुण्यातल्या सिग्नलला जे केलं तेच केलं, डावा पाय जमिनीवर टेकवला. स्कूटरवर पायाच्या मागे काही नसतं. माझ्यावर पायाच्या अगदी मागे मागचं रुंद चाक असतं. ते त्याच्या टाचेवरून पोटरीवर चढलं. बराच वेळ तो चिखलात बसून राहिला. मग कुणी पाहिलं का ते त्याने बघितलं. मेंढ्यांशिवाय कुणी नव्हतं. पुढच्या शनिवारी लंगडत आला तेव्हा प्रज्ञेशला म्हणाला, ऑफिसच्या जिन्यावर घसरलो. नीनाला, म्हणजे बायकोलाही, त्याने तेच सांगितलं होतं. काळानिळा वळ पुढे फिका झाला, पण गेला नाही.

तनू, त्याची मुलगी, ग्लासगोतच जन्मलेली, बावीस वर्षांची. सप्टेंबरमध्ये एका शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून रुजू होणार होती. प्रज्ञेशची क्वाड ती सहज चालवायची. जूनमधल्या एका शनिवारी तिने मला मागितलं. उल्हास हरखला. त्याने तिला सगळं समजावलं, अंगठ्याने वेग कसा द्यायचा, ब्रेक, झुकणं. पाय काही झालं तरी पायदानावरून काढायचा नाही, एवढंच राहिलं. ते त्याच्या ओठांवर आलं होतं, मी पाहिलं. पण बाजूला प्रज्ञेश उभा होता, आणि ते सांगायचं तर जिन्याचंही सांगावं लागलं असतं. लहानपणी सायकल शिकवताना याच बापाने तिला शंभरदा सांगितलं होतं, घाबरलीस की पाय टेकव.

दुसऱ्याच वळणावर ती घाबरली. तिने पाय टेकवला. मी थांबू शकले नाही, मित्रांनो. हाड मोडल्याचा आवाज माझ्या चाकाने ऐकला. अँब्युलन्स यायला पाऊण तास लागला. दोन ऑपरेशन्स झाली, घोटा काही सरळ झाला नाही आणि शाळेने दुसऱ्या कुणाला घेतलं.

काल ती काठी टेकत शेडमध्ये आली. माझ्यासमोर उभी राहून तिने तिच्या ग्लासगोच्या मराठीत विचारलं, "बाबा, तुला कधी असा झाला होता? पाय चाकाच्या खाली गेला, असा?"

उल्हास माझ्या हँडलकडे बघत होता. "नाही," तो म्हणाला. "मला कधीच नाही."

"मग it was just me," तनू म्हणाली. "I panicked. माझाच चूक होता."

त्याने फोन काढला आणि भंगारवाल्याला सोमवार सांगितला. ही गाडीच मुळात वाईट आहे, असंही त्याला म्हणाला. ते मला लागलं, पण तनूचं वाक्य जास्त लागलं. ती जाताना मला थोपटून गेली. ज्या चाकाने तिचा पाय मोडला त्याच्यावर तिचा रागसुद्धा नव्हता. सगळा राग तिने स्वतःवर घेतला होता, आणि बापाने तो घेऊ दिला.

माझी निगा राखा असं मी आता कुणाला म्हणत नाही, त्याची वेळ गेली. पण मित्रांनो, कुणाला काही शिकवाल तेव्हा आपण कुठे आपटलो तेही सांगा. मला तोंड असतं तर काल मी एवढंच म्हटलं असतं, तनू, बापाच्या डाव्या पायाची पँट गुडघ्यापर्यंत वर कर आणि बघ.