तीन चाकं अन् एक दगड

ती गाडी घरी आली तेव्हा मले वांती यायचीच बाकी राहिली होती. जुनी निळी स्कूटर अन् तिच्या डाव्या अंगाले जोडलेला एक डब्बा, त्याले आपलं एक वेगळं चाक. साइडकार म्हणतात त्याले. डब्ब्यातल्या गादीले कोंबड्याच्या खुराड्यासारखा वास येऊन राहिला होता. कोणाचं तरी म्हातारं त्यात बसून दवाखान्यात जायचं म्हणे. ते मेलं, म्हणून त्यांनी गाडी काढून टाकली. अजून थोडं जगलं असतं तं काय बिघडत होतं.

गाडी घेतली इंदूआत्यानं. इंदूआत्या म्हणजे बाबाची लहान बहीण. राज्य वेगळं झालं, रायपूर राजधानी झाली, अन् भोपाळहून तिची बदली इथल्या नव्या ऑफिसात झाली, तशी ती बूढ़ापाऱ्यात, तलावाजवळच्या आमच्या घरी राहाले आली. लग्न झालं नाही. लहानपणी पोलिओ झाला, तिचा डावा पाय बारीक आहे. रिक्षात चढताना रिक्षावाल्याच्या हातात हात द्यावा लागे, अन् तो हात सोडायची घाई करत नसे. आत्या घरी येऊन साबणानं हात धुवे. एक दिवस तिनं ही गाडी आणली.

चालवणार कोण, तं मी. शाळा मी सोडलीच होती, म्हणजे शाळेनंही मले धरून ठेवलं नव्हतं.

तुम्हाले सांगते, अशी भिकार सवारी दुनियेत दुसरी नसन. सदर बाजारात बाकीचे पोट्टे मोटारसायकली तिरप्या करून सोनाराच्या दुकानापुढून सळसळत निघून जातात, अन् आपण डब्बा घेऊन हातगाडीच्या मागे उभ्या. वळताना कमरेतून झुकाल तं काहीच होत नाही, हँडल दोन्ही हातानं ओढावं लागते, बैलाचं तोंड वळवल्यासारखं. गॅस दिला की गाडी डावीकडे ओढते, ब्रेक मारला की उजवीकडे. एका चाकाले खड्ड्यातून वाचवलं की दुसरं पडते, दुसऱ्याले वाचवलं की तिसरं. डब्ब्यात बसणाऱ्याचं तोंड बरोबर बसच्या धुराच्या नळकांड्यासमोर येते. सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी धूळ तं गादीवर रोजच. पोट्टे ओरडायचे, "दीदी, डब्बे में क्या है, टिफिन?" मी एकाले चप्पल दाखवली होती. आत्या डब्ब्यात बसून समोर पाहत राहायची, मांडीवर पर्स धरून.

एकच गोष्ट चांगली होती, ती मले तेव्हा दिसत नव्हती. ही गाडी उभी केली की उभी राहते. जमिनीले पाय टेकवावा लागत नाही.

ते आत्यानं गाडी घ्यायच्या आधीच पाहून ठेवलं होतं. तिचा उजवा पाय धड होता, ब्रेक उजव्या पायाचा. गिअर-क्लच डाव्या हातात. किकही बसल्या बसल्या उजव्या पायानं मारता येत होती. तिले डब्ब्यात बसायचंच नव्हतं.

अन् आता बाबाचा दगड.

गाडीची पूजा करताना बाबा चाकाखाली लिंबू ठेवाले बसला, अन् तिसऱ्या लिंबाले त्याचा हात थांबला. रेल्वेत माणूस आहे, इंजिनाचे नंबर तोंडपाठ, पण पानात कधी तीन पोळ्या वाढू देत नाही. तीन तिगाडा, काम बिगाडा. तिघं जण चांगल्या कामाले निघाले तं सोबत चौथा म्हणून खडा घेतात, हे आमच्याकडे सगळेच करतात. पण खिशात खडा घेणं वेगळं. बाबानं विचार केला, गाडी मोठी, तं चौथाही मोठा पायजे. त्यानं मागच्या अंगणातला कपडे आपटायचा दगड माझ्याकडून उचलवला अन् आम्ही दोघांनी तो डब्ब्याच्या तळाशी ठेवला. हळद-कुंकू वाहिलं. झालं, म्हणे, चार झाले.

ज्या दगडावर आम्ही चड्ड्या आपटत होतो, त्याच्या दोन्ही बाजूले पाय ठेवून आत्या आता ऑफिसात जाऊन राहिली होती.

पुढचं तं अजून घाण. शेजारच्या सुशीलाकाकूनं शनिवारी येऊन त्याले तेलात कालवलेला शेंदूर फासला. मंग लोकांचं सुरूच झालं. सिग्नलले थांबलं की बाजूचा सायकलवाला वाकून हात लावे अन् छातीले लावे. ऑफिसच्या स्टँडवर कोणी झेंडू टाकून जाई. सडलेली फुलं, शेंदराचं तेल, त्यावर माश्या. आत्याच्या साडीची किनार केशरी झाली होती, निघता निघत नव्हती. मी बाबाले म्हटलं, हे काढ. बाबा म्हणे, बसला आहे तो आता तिथे, काढू नये.

रोज सकाळी तलावाच्या मागच्या मैदानात मी आत्याले शिकवत होती. ती चालवायची, मी डब्ब्यात, दगडावर पाय ठेवून. हँडल ओढताना तिच्या गळ्याच्या शिरा वर येत, पण ती शिकली. माझ्यापेक्षा बरी चालवाले लागली.

शिकणं भाग होतं. बाबानं मले शिलाईच्या क्लासमध्ये टाकायचं ठरवलं होतं, अन् त्याची स्वतःची ड्यूटी पहाटे, म्हणजे आत्याले सोडाले कोणीच नव्हतं. तो आत्याले म्हणाला होता की एकटी जाऊ शकत असशीन तं जा, नाही तं नोकरी सोड, भावाच्या घरी दोन पोळ्या जड नाहीत. चांगल्या मनानं म्हणाला होता, म्हणूनच मले जास्त राग आला. आत्या म्हणाली, सोमवारपासून मी एकटी जाईन.

सोमवारी बाबाची सुट्टी होती. मी केस विंचरून बाहेर आली तं आत्या निघून गेली होती, अन् ओट्यावर दगड ठेवलेला, खाली धुतलेला टॉवेल, समोर उदबत्ती.

"हा इथे काहून?" मी विचारलं.

बाबा इकडेतिकडे पाहाले लागला. आई आतून म्हणाली की इंदूची आजपासून अडचण आहे. चार दिवस देवाजवळ बसणं बरं नाही, म्हणून बाबानं सकाळीच बाजूच्या पोट्ट्याले बोलावून दगड उतरवून घेतला. चार दिवसानं परत ठेवू.

कपडे धुवायचा दगड. त्याले आता बाईचा विटाळ होत होता.

तेवढ्यात गल्लीतून कोणी तरी ओरडलं, दीदी की गाड़ी पलट गई.

मी अनवाणी पळाली. तलावाजवळ जिथे डावीकडे वळतात, तिथे गाडी उजव्या कुशीवर पडली होती अन् रिकामा डब्बा वर, त्याचं चाक अजून फिरून राहिलं होतं. आत्या रस्त्यावर बसली होती. कोपर सोललेलं, टिफिन उघडून भाजी सांडलेली. चार-पाच बाप्ये हात पुढे करून उभे होते. ती कोणाचाच हात धरत नव्हती. मी गेली तेव्हा माझा धरला.

बाबा मागून धापा टाकत आला. तिले फार काही लागलं नाही हे पाहिलं, अन् त्याच्या तोंडावर काय आलं माहीत आहे? समाधान. "पाहिलं? एक दिवस चौथा नव्हता तं काय झालं. मी म्हणत होतो."

"मंग काढला काहून?" मी ओरडली. लोकं पाहून राहिले होते, पाहू दे.

आत्यानं मले हातानं गप्प केलं. तिनं आधी साडी नीट केली.

"दादा, मी वळली अन् डब्बा वर उठला. आजवर त्यात कोणी बसलेलं होतं, नाही तं दगड होता. आज काहीच नव्हतं. हलका होता, बस."

"तेच तं मी म्हणतो—"

"तू ते नाही म्हणत."

लोकांनी गाडी उभी केली. खरचटली होती, पण सुरू झाली. आत्या घरी आली, ओट्यावरची उदबत्ती उचलून बाजूले ठेवली अन् मले म्हणाली, धर. आम्ही दोघींनी दगड मोरीत नेला. बाबा दारात उभा राहून नको नको म्हणून राहिला होता, पण पुढे आला नाही. तिच्या अंगाले हात लावता येत नव्हता ना, त्या दिवशी.

तेलातला शेंदूर साबणानं निघत नाही. तिनं रॉकेल मागितलं. स्टुलावर बसून, बारीक पाय लांब करून, ती नारळाच्या काथ्यानं घासत राहिली. केशरी पाणी मोरीतून वाहत होतं, त्यात सडके झेंडू अन् मेलेल्या माश्या. मले वास सहन होत नव्हता, पण मी पाणी टाकत राहिली. शेवटी तोच आपला काळा दगड खाली निघाला, एका बाजूले झिजलेला.

"आता उशीर झाला," बाबा म्हणाला. "आजचा दिवस राहू दे, इंदू."

"अर्धी रजा लागन," आत्या म्हणाली, "पूर्ण नाही."

आम्ही दगड डब्ब्यात ठेवला. तिनं त्यावर टिफिन ठेवला, रिकामा. किक मारली. मी कोपऱ्यापर्यंत मागे पळत गेली. डावं वळण आलं, तिनं वेग कमी केला, हँडल ओढलं, अन् डब्ब्याचं चाक जमिनीले चिकटून वळलं.

संध्याकाळी ती परत आली तेव्हा मी दारातच होती. डब्ब्यात पाहिलं तं धुतलेल्या दगडावर कोणी तरी चाफ्याचं फूल ठेवून दिलं होतं. दिवसभरही दम निघाला नाही लोकांचा. मले असा संताप आला, मी ते उचलून नालीत फेकणार होती.

आत्यानं ते माझ्या हातातून घेतलं. एकदा वास घेतला. ओट्यावर बाबा बसला होता, त्याच्यासमोरच तिनं ते केसात खोचलं अन् टिफिन घेऊन आत गेली.