कुंचीचे दोनशे ग्रॅम

मी एक जुना ताणकाटा आहे. मित्रांनो, मोजल्याशिवाय बोलण्याची मला सवय नाही, म्हणून पहिल्या दिवशी माझ्यासोबत काय काय होतं ते आधी मोजून सांगतो. लाकडी पेटी एक. माझ्या पोटातली पोलादी स्प्रिंग एक. पितळी आकडे दोन, वरचा मला टांगायला आणि खालचा झोळी अडकवायला. झोळी एक, जाड्याभरड्या कापडाची. माझ्या पट्टीवर शून्यापासून पंचवीस किलोपर्यंत शंभर-शंभर ग्रॅमच्या रेघा दोनशे एकावन्न. दोनशे पन्नास नव्हेत, कारण शून्यालाही स्वतःची एक रेघ असते. छापील प्रश्नावल्या ऐंशी, प्रत्येकीत प्रश्न बहात्तर. नोंदवही एक. लाल पेन्सिल एक.

कारखान्यात माझी स्प्रिंग तापवली, तेलात विझवली आणि पुन्हा तापवली. मग माझ्या आकड्याला एकेक किलोची शिक्क्याची वजनं लावून पाहिली. एका रेघेचीही चूक निघाली नाही. तपासणाऱ्या म्हाताऱ्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "हा खोटं बोलणार नाही." एवढं कौतुक मला पुन्हा कधी मिळालं नाही.

शहरातल्या एका संस्थेने मला विकत घेतलं आणि राधाकृष्णसरांच्या हवाली केलं. सर अठ्ठावीस वर्षांचे, समाजकार्य शिकवणारे. त्यांना त्याच विषयात डॉक्टर व्हायचं होतं. औषध देणारे डॉक्टर नव्हे. प्रबंध लिहून होतात ते.

१९७२चा डिसेंबर होता. पाऊस लागोपाठ दुसऱ्या वर्षी गेला होता. पारनेरच्या माळावर दुष्काळी काम चालू होतं. पुरुष तलावाची माती उपसत आणि बायका रस्त्यासाठी खडी फोडत. कामाच्या कडेला एक बाभूळ होती. तिच्या फांदीला मला टांगलं. एक आड एक शनिवारी, दुपारच्या सुट्टीत, ऐंशी बाया आपापली ऐंशी लेकरं घेऊन माझ्यासमोर रांग लावत.

ही ऐंशी घरं सरांनी आधीच दोन भागांत वाटली होती. शाळेच्या खोलीत दार लावून त्यांनी एका घमेल्यातून चिठ्ठ्या उचलल्या. पहिल्या चाळीस घरांना दर मंगळवारी दुधाची पावडर आणि सरांची भेट. दुसऱ्या चाळीस घरांना काहीच नाही; त्यांची लेकरं फक्त तोलायची. त्यांना 'तुलना गट' म्हणत. शेवटी दोन्हींतला फरक काढायचा आणि तो प्रबंधात लिहायचा.

सरांना हे सोपं गेलं नाही. त्यांनी शहरातल्या आपल्या मार्गदर्शकांना पत्र लिहून विचारलं, दुसऱ्या चाळिसांनाही थोडी पावडर द्यावी का? उत्तर आलं ते त्यांनी माझ्याखाली बसून दोनदा वाचलं. "त्यांना मदत केलीस तर समाजकार्य होईल, संशोधन होणार नाही." खाली एक सवलत दिली होती. तुलना गटातलं जे मूल सहा किलोच्या खाली जाईल, त्याचं नाव गाळावं, त्याला पावडर द्यावी आणि तालुक्याच्या दवाखान्यात पोचवावं. मात्र हा नियम लोकांना कळता कामा नये. सरांनी नोंदवहीत सहाच्या आकड्यावर लाल पेन्सिलीने रेघ ओढली आणि वही मिटली.

लंकाबाई तुलना गटात होती. वय चोवीस. नवरा कोपरगावकडे ऊसतोडीला गेला होता, त्याचा निरोप नव्हता. पदरात एक मुलगी, राही, चौदा महिन्यांची. लंकाबाईच्या अंगावरचं दूध आटलं होतं, आणि रेशनवरच्या मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची, लाल भाकरी राहीला पचत नव्हती.

पहिल्या दिवशी सरांनी तिला प्रश्नावली विचारली. एकेचाळिसावा प्रश्न होता, "फावल्या वेळात आपण काय करता?"

"फावला म्हंजी?"

"काम नसतं, तेव्हा."

"तवा पानी आनते."

सरांनी लिहिलं, 'विरंगुळा: पाणी आणणे.'

मग तोलायची वेळ आली. सर म्हणाले, "मुलीचे कपडे काढा."

लंकाबाईने राहीला पोटाशी धरलं. "उघड्या अंगानं लेकरू काट्याला लावत न्हाईत, सायेब. दृष्ट लागती."

रांगेतल्या सगळ्या बाया तिच्या बाजूने बोलू लागल्या. सरांना त्यांच्या शिक्षणाने सांगितलं होतं, की लोकांच्या रीतीचा मान ठेवा. त्यांनी मान ठेवला. एक रिकामी कुंची माझ्या आकड्याला लावली. डोक्यावरून पाठीवर खाली येणारं ते दुपदरी बाळटोपडं दोनशे ग्रॅम भरलं. "ठीक आहे," ते म्हणाले, "प्रत्येकातून दोनशे वजा करू."

झोळी आकड्याला अडकवायचं काम मेहताबभाई करत. ते गवंडी, दुष्काळात खडीच्या टोळीचे मुकादम झाले होते. त्यांची एक सवय होती. संध्याकाळी खडीच्या ढिगांचं माप घेण्याआधी ते प्रत्येक ढिगाला लाथ मारून बघत. काही बाया माप भरावं म्हणून ढिगाच्या पोटात एखादा मोठा धोंडा घालत आणि वरून बारीक खडी पसरत. धोंडा असला की लाथेचा आवाज बदले. "ढिगात धोंडा हाय गं," असं म्हणून मेहताबभाई हसत आणि धोंडा काढून फेकत. शिवी कधी देत नसत.

राहीचं वजन पहिल्या वेळी भरलं सहा किलो सहाशे. दुसऱ्या वेळी सहा चारशे. तिसऱ्या वेळी सहा दोनशे. लाल रेघ आता दोनशे ग्रॅमवर आली होती. हे सरांना ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं.

लंकाबाईला दुसरंच काही दिसत होतं. तिच्या शेजारी खडी फोडणारी छबूबाई पहिल्या चाळिसांत होती. तिचा मुलगा दर खेपेला दोन-तीन रेघा वर चढत होता. तिसऱ्या तोलणीनंतर दोघी माझ्याच सावलीत बसल्या होत्या.

"छबूआक्का, तुला पावडर मिळती. मला का न्हाई गं? मी इचारलं तर सायेब म्हनतो, यादी वरनं आली."

"अगं येडे, तुझ्या ध्यानात कसं येत न्हाई?" छबूबाईने बोटांवर मोजून दाखवलं. "माझा पोरगा भरला, मला पावडर. त्या म्हातारीचा नातू भरला, तिला पावडर. तुझी वाळली, तुला न्हाई. पलीकडच्या भीमाची वाळली, तिला न्हाई. ज्याचं लेकरू काट्याला भरतं त्यालाच देत्यात. वाळल्या झाडाला कोन पानी घालतं?"

मित्रांनो, छबूबाईचं निरीक्षण बिनचूक होतं. ज्या घरांत पावडर जात होती तीच लेकरं भरत होती. फक्त आधी काय आणि मागून काय, हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं.

 लंकाबाईने पुढ्यातल्या ढिगातून खडीचा एक तुकडा उचलला, तळहातावर जोखून पाहिला आणि कनवटीला लावला.

चौथ्या तोलणीला राही सहा तीनशे भरली. पाचव्याला सहा चारशे. सर लंकाबाईकडे पाहून हसले. "वाढतेय की!" लंकाबाई तिथेच उभी राहिली. मागच्या बाईने तिला ढकललं तेव्हा ती बाजूला झाली. मंगळवारी ती दारात बसून राहिली. सर तिच्या दारावरून छबूबाईकडे गेले.

माझं एक शल्य इथे सांगतो. मला दगड आणि मांस यांतला फरक कळत नाही. मला फक्त खाली ओढणारं बळ कळतं. पण एक गोष्ट मला कळली होती. जितं-जागतं लेकरू झोळीत स्वस्थ राहत नाही. ते पाय झाडतं, रडतं, आणि माझी सुई चार-चार रेघा वरखाली नाचते. आधी राहीही अशीच नाचवायची. पुढे पुढे सुई एका रेघेवर येऊन उभी राहू लागली. सर खूश झाले. "हिचं वजन वाचायला सगळ्यांत सोपं," ते म्हणाले.

पाचव्या तोलणीला मार्गदर्शक स्वतः शहरातून आले होते. उन्हासाठी त्यांनी मोठी टोपी घातली होती. नोंदवही चाळताना ते राहीच्या ओळीवर थांबले.

"ही तुलना गटातली? मदत नाही, तरी वाढते?"

"हो सर. नवल आहे."

"नवल नाही. हिच्या आईत उपजत सामर्थ्य आहे. हिच्यावर स्वतंत्र टिपण लिही. परीक्षकांना असं आवडतं."

सरांनी त्या संध्याकाळी लंकाबाईच्या घरी जाऊन दोन तास तिला तिच्या सामर्थ्याबद्दल प्रश्न विचारले. पावडर नेली नाही.

सहाव्या तोलणीला राही सहा पाचशे भरली.

सातवी तोलणी १७ मार्चला झाली. लंकाबाईने राहीला झोळीत ठेवलं. मेहताबभाईंनी झोळी उचलून माझ्या आकड्याला अडकवली. झोळी एका बाजूला कलली आणि आतून आवाज आला. खट्.

"सहा आठशे," सर म्हणाले. "वजा दोनशे. सहा सहाशे. शाब्बास, लंकाबाई! पहिल्या दिवशी होती तेवढी झाली की."

मेहताबभाईंनी झोळीवरचा हात काढला नाही. "सायेब, लिवू नका."

"का?"

"वीस वर्सं दगडात गेली माजी. ह्यो आवाज लेकराचा न्हाई." ते लंकाबाईकडे वळले. या वेळी ते हसले नाहीत. "लंका, ढिगात धोंडा हाय."

"हात लावू नका, मेहताबभाई! दृष्ट लागंल तिला."

"पोरी, लागायची ती लागली."

त्यांनी राहीला झोळीतून उचलून लंकाबाईच्या हातात दिलं आणि कुंची सोडवली. दोन पदरांच्या मध्ये, काळ्या दोऱ्याने शिवलेले कप्पे होते. टाके बारीक होते, एकसारखे होते. मेहताबभाईंनी एकेक कप्पा उसवला आणि तुकडे जमिनीवर ओळीने ठेवले.  छबूबाईने पदर तोंडाला लावला.

सरांच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली. "अहो, पण का?"

"तुमी भरल्या पोरांस्नी पावडर देता, सायेब. माजी बारीक. म्हनलं, एकदा काट्याला भरली तर तिला बी मिळंल." लंकाबाई भरभर बोलत होती, जणू अजून काही जमण्यासारखं होतं. "मी काय कायमचं फसवनार व्हते? पावडर पोटात गेली असती तशी ती भरली असती. ती भरंल तसा एकेक दगड काढला असता मी. तुमास्नी कळलं बी नसतं."

"लंकाबाई, ती सहाच्या खाली गेली असती तर मी स्वतः दिली असती पावडर! दवाखान्यात नेलं असतं. तसा नियमच आहे."

"कुनाला सांगितला व्हता नियम?"

"सांगता येत नाही." सरांचा आवाज खाली आला. "सांगितला तर वजनं खरी येत नाहीत."

लंकाबाईने ओळीतल्या तुकड्यांकडे पाहिलं. मग राहीचं डोकं पदराने झाकलं. 

मग सरांनी एक काम केलं, जे त्यांना शिकवलं होतं. त्यांनी माझी सुई शून्यावर आहे का ते पाहिलं. राहीला तिच्या आईच्या हातून घेऊन पुन्हा झोळीत ठेवलं, या वेळी उघड्या अंगाने. कोणी अडवलं नाही. मग कुंची तोलली. मग दगड. तिन्ही आकडे लिहून घेतले. त्यानंतर मातीच्या ट्रकमधून राहीला तालुक्याला नेलं.

ती चौथ्या दिवशी गेली. सहाव्या दिवशी लंकाबाई खडीवर होती. मेहताबभाई तिच्या ढिगाला त्यानंतर कधी लाथ मारत नसत.

दीड वर्षाने राधाकृष्णसर डॉक्टर झाले. तोंडी परीक्षा चांगली झाली. पहिल्या चाळिसांचं वजन सरासरी नऊशे ग्रॅमने वाढलं, तुलना गटाचं चारशेने उतरलं. दूध प्यालेली लेकरं वाढतात हे आता सिद्ध झालेलं आहे. तुलना गटात एकोणचाळीस कुटुंबं दाखवली होती. एक 'मोजणीतील दोषामुळे' वगळलं होतं. सामर्थ्याचं टिपणही त्यासोबत गाळलं. शेवटच्या प्रकरणात, पुढील संशोधकांसाठी केलेल्या सूचनांत, एक ओळ आहे, 'बालकांचे वजन कपडे काढून घ्यावे.'

मी आता संस्थेच्या कपाटात असतो. माझ्या खालच्या आकड्यावर हिरवा कळंक चढला आहे. झोळी उंदरांनी नेली. राधाकृष्णसर आता स्वतः मार्गदर्शक आहेत. दर जुलैत ते मला बाहेर काढतात आणि नव्या विद्यार्थ्यांसमोर धरतात. "पहिली गोष्ट," ते म्हणतात, "कपडे काढा." मुलं लिहून घेतात. मग सर गटांच्या वाटणीकडे वळतात. चिठ्ठ्या अजून घमेल्यातूनच काढतात. संस्थेने त्यासाठी एक नवं घमेलं आणलं आहे.

मित्रांनो, माझ्यासारखा काटा कुठे टांगलेला दिसला तर त्याला पावसात ठेवू नका. त्याच्या आकड्याला वर्षातून एकदा तेल लावा. तोलण्याआधी सुई शून्यावर आहे का ते पाहा. झोळीत हात घाला. सुई फार स्थिर राहिली तर खूश होऊ नका. आणि ज्याला तोलता त्याच्या आईला सांगा, की कशासाठी तोलता.

नोंदवही माझ्याच पेटीत आहे. तिच्यातली माझी त्या दिवशीची शेवटची नोंद अशी आहे.

१७ मार्च १९७३. राही, वय सतरा महिने: पाच किलो शंभर ग्रॅम. कुंची: दोनशे ग्रॅम. खडी, नऊ तुकडे: एक किलो पाचशे ग्रॅम.