बाबांवरचे विनोद

ठाण्यातल्या कॉमेडी क्लबात मेघनाचे हमखास चालणारे विनोद तिच्या बाबांवरचे होते. बायको गेल्यापासून मारुतीरावांची स्मृती निसटत चालली होती. ते चष्मा फ्रिजमध्ये ठेवायचे, गॅलरीतल्या कबुतराला शेजारी समजून चहाला बोलवायचे. मेघना घरी रडायची आणि स्टेजवर तेच रंगवून सांगायची.

त्या रविवारी बाबांजवळ थांबायला कुणी नव्हतं, म्हणून ती त्यांना मोहन्याच्या घरून दुपारच्या शोला घेऊन आली. पहिल्या रांगेत बसवतानाच तिने ठरवलं, आज बाबांवर बोलायचं नाही. पण नवे विनोद फुकट गेले, कुणी हसेना. शेवटी घाबरून तिने कबुतराचा किस्सा काढलाच. हॉल खदखदून हसला. सगळ्यांत मोठ्याने हसले मारुतीराव, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

शो संपल्यावर ती त्यांच्याजवळ गेली. त्यांनी तिच्याकडे परक्यासारखं पाहिलं.

"छान बोलता हो तुम्ही," ते म्हणाले. "पण एक सांगू? त्या म्हाताऱ्याला असं चारचौघांत हसू नका. त्याला थोडंफार कळत असेल."

मेघनाने कान पकडले. "चुकलं माझं, काका. पुन्हा नाही हसणार."

त्यांनी समाधानाने मान हलवली. मग दाराकडे बघत विचारलं, "माझी मुलगी न्यायला येणार होती. दिसली का तुम्हाला?"

"येतेच आहे ती," मेघना म्हणाली आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसून राहिली.

बाबांवरचा एकही किस्सा तिने परत कधी सांगितला नाही. पुढे बरेच महिने तिच्या शोला कुणी फारसं हसलं नाही.